मठ, राजा आणि लुटारू

“शेवटचं वाक्य परत वाच.”

विशाखानं लॅपटॉपवरून वाचलं, “समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी मठ जाळले, ग्रंथांवरचं सोनं ओरबाडून नेलं, हे खरंच, पण विद्या त्याआधीच मेली होती, कारण...”

“कारण...” आप्पासाहेब मान मागं टाकून शब्द शोधू लागले.

“कारण ती मूठभरांच्या भाषेत कोंडलेली होती,” विशाखा म्हणाली.

आप्पासाहेब चमकले. “हेच सांगणार होतो मी! तुला कसं कळलं?”

“ऐकून ऐकून, सर.”

सर खूश झाले. पोरगी तयार होत होती.

आप्पासाहेब इतिहासाचे विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले, तेव्हा शाली ढिगानं मिळाल्या. नावावर पुस्तक मात्र एकही नव्हतं. विषय भारी होता: हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, तिथले मठ, त्यांच्यावर होड्यांतून तुटून पडणारे व्हायकिंग आणि त्या धामधुमीतही लॅटिन ग्रंथ लोकांच्या बोलीत आणणारा आल्फ्रेड राजा. यावरचे निबंध वाचून त्यांनी परिषदा गाजवल्या होत्या. पुस्तक उद्यावर टाकता टाकता काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. बायको गेलेली, मुलगा कॅनडात. आता एकच हाव उरली होती, मरायच्या आधी आपलं पुस्तक हातात धरायची.

अशात विशाखा आपणहून छावणी भागातल्या त्यांच्या घरी आली. एका कॉलेजात शिकवत होती. “तुम्ही सांगा, मी लिहून घेते,” म्हणाली.

सरांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव.

“पवार. दौलताबादला सासर आहे.”

“दौलताबादचे पवार? म्हणजे आपलीच की!”

विशाखा हसली. आडनाव आणि गाव कळलं की माणूस कुठला हे ओळखण्यात आपण कधी चुकलो नाही, असा सरांचा दावा होता. स्वयंपाकघरात जाऊन हातानं पाणी घ्यायची मुभा तिला त्याच दिवशी मिळाली.

वर्षभर काम चाललं. सर सांगत, ती टाइप करी, वाचून दाखवी. एका दुपारी तिनं सहज विचारलं, “सर, या विषयावर तुमच्याकडं कुणी विद्यार्थी नव्हता?”

“होता एक. मोतीराम. वैजापूरकडचा.” सरांनी तोंड वाकडं केलं. “त्याला म्हणलं, तुमच्या लोकांची चळवळ हाय, जलसे हायेत, त्यावर लिही. तुला युरोप कशाला पाहिजे? ऐकलं नाय. प्रबंध लिहून आणला. मी काय सही केली नाय.”

“मग?”

“मग काय! दर महिन्याला यायचा. बाहेर ओट्यावर उन्हात बसायचा. मी बायकोला सांगायला लावायचो, सर झोपलेत. सहा वर्षं आला, लई चिवट. शेवटी मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या शिवायला लागला म्हणे. तिथंच मेला.” सर खुदकन हसले. “गोण्या शिवायला लॅटिन कशाला लागतंय?”

“आणि त्यांचा प्रबंध?”

“रद्दी होती ती. टाकली कुठंतरी.”

विशाखाची बोटं थांबली होती. सरांना ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

“पुढं सांगा, सर.”

उन्हाळ्यात पुस्तक पुरं झालं. प्रकाशक विशाखानंच गाठला, मुद्रितंही तिनंच तपासली. सरांना झोप येईना. लहान पोरासारखं रोज विचारायचे, “छापलं का?” आणि एक दिवस, “कव्हरवर नाव ठळक हाय ना गं?”

“लई ठळक आहे, सर. लांबून वाचता येतं.”

समारंभ ठरला. जुने सहकारी काकासाहेब अध्यक्ष. आधी दोघांचं फारसं पटत नसे, पण काकासाहेबांनी स्वतःहून फोन केला. त्यांचा आवाज भरून आला होता. “आप्पासाहेब, याला मन लई मोठं लागतं.”

“त्याहून वय लागतं,” सर म्हणाले आणि दिवसभर त्या वाक्यावर खूश राहिले.

समारंभाला विशाखानं त्यांना हात धरून मंचावर नेलं. सभागृह गच्च भरलं होतं. खुर्च्या सरकल्याचे आवाज मागच्या भिंतीपासून येत होते.

“कोण कोण आलंय?”

“सगळे आलेत, सर. वैजापूरहूनसुद्धा माणसं आलीत.”

“इतक्या लांबून?”

“पुस्तकासाठी आलीत.”

सरांनी शर्टाची कॉलर नीट केली. त्यांनी भाषण पाठ केलं होतं: ‘हा ग्रंथ म्हणजे माझ्या आयुष्याची पुंजी.’ ओठांतल्या ओठांत ते पुन्हा घोकत होते. खांद्यावर शाल आली. रिवाजाप्रमाणे चकचकीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक त्यांच्या हातावर ठेवलं गेलं. त्यांनी चाचपडत फीत ओढली. कागद उतरला. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं, त्या थांबेचनात. आप्पासाहेबांनी मुखपृष्ठावरून बोटं फिरवली. गुळगुळीत होतं. अक्षरं बोटांना लागत नव्हती, पण आपलं नाव जिथं असेल त्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला आणि ते सगळ्यांसमोर रडले.

काकासाहेबांनी माइक हातात घेतला.

“मंडळी, वारलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध पंचवीस वर्षं जिवापाड जपणारा, डोळे गेल्यावरही त्यातला शब्दन् शब्द पाठ म्हणून दाखवणारा आणि त्याच विद्यार्थ्याच्या नावानं तो छापून आणणारा गुरू मी तरी दुसरा पाहिला नाही. आता आप्पासाहेब स्वतःच्या हातानं या ग्रंथाची पहिली प्रत देतील, मोतीरामची लेक विशाखा हिला.”