शपथेतलं शेवटचं वाक्य

“पुढचं म्हणा, कर्नल,” न्यायाधीश म्हणाले.

जेप्था रडचा एक हात बायबलवर होता, दुसरा वर. एवढं वाक्य संपलं की तो केंटकीचा गव्हर्नर; द्वंद्व लढलेल्याला या राज्यात कुठलंच पद मिळत नसे. पायऱ्यांखाली चिखलात गर्दी तुंबली होती. पुढे एमॉस ओव्हरबी. त्याच्या काठीवर मेलेल्या भावाचं जाकीट, छातीपाशी भोक पडलेलं.

“बोल की, जेप्था. माझ्या लायमनशी लढलो नाही म्हण.”

“मी शपथेवर सांगतो, की या राज्यात किंवा राज्याबाहेर...”

राज्याबाहेर. नदीपलीकडची वाळू, कारण अलीकडे कायदा आडवा यायचा. दाट धुकं. शर्यतीच्या मैदानावर लायमन त्याला चारचौघांत घोडेचोर म्हणाला होता. मग पिस्तुलं आलीच. रीत ठरलेली: जेप्थाचा दोस्त इनॉस ‘चालवा’ म्हणणार, मगच चाप ओढायचा. आधी ओढेल त्याला समोरच्याच्या सोबत्याने तिथेच गोळी घालावी.

लायमनच्या सोबत्याला धुक्यात काही दिसलं नाही. त्याने दोन बार ऐकले. पोहोचला तेव्हा लायमन वाळू चावत होता, टाचा घासत होता.

त्या दोन बारांवर जेप्थाचं आयुष्य उभं राहिलं. युद्धात पोरं त्याच्यामागे तोफांच्या तोंडात धावली, आतडी सांडून मेली. लायमन ओव्हरबीसमोर छाती काढून उभा राहिलेला माणूस पुढे होता म्हणून. प्रत्येक सभेत कुणीतरी ओरडायचं, “वाळूचं सांगा, कर्नल.” तो सांगायचा. मतं पडायची.

“...प्राणघातक शस्त्रांनी...”

सकाळी इनॉस त्याच्या कोटाची बटणं लावत म्हणाला होता, “शपथ घेऊ नकोस. लढलो होतो म्हण आणि खुर्ची फेक त्यांच्या तोंडावर. खांद्यावर घेऊन नाचतील.”

“आणि घेतली तर?”

“थुंकतील. मी सोडून सगळे.”

“...मी कुणाशीही द्वंद्व लढलेलो नाही.”

आवाज स्पष्ट होता.

आधी चिखलाचा गोळा आला, कपाळावर फुटला. “खोटारड्या,” एमॉस म्हणाला आणि कोटातून पिस्तूल काढलं. शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यांनी त्याला खाली घेतलं. त्याचे दात पायरीवर घरंगळले, तरी दस्ते थांबले नाहीत. जाकीट पायांखाली गेलं. जेप्थाच्या जुन्या पलटणीतल्या लोकांनी एकेक करून पाठ फिरवली. न्यायाधीशांनी हात पुढे केला.

गर्दीत एकट्या इनॉसने टोपी काढली. काहीतरी बोलण्यासाठी त्याने श्वास घेतला.

त्या वाळूवरही त्याने असाच श्वास घेतला होता, ‘चालवा’ म्हणायला. तो शब्द तोंडाबाहेर पडण्याआधीच जेप्थाने चाप ओढला होता आणि लायमन कोसळला होता, त्याचं पिस्तूल पडता पडता वाळूत उडालं होतं.