नियमताईंचं दार

"आत नाही," नियमताई म्हणाल्या. "इथेच उभे राहा."

काचेच्या दाराला हात घातलेला उंच अधिकारी थांबला. त्याच्या मागचा चष्मेवाला आधीच थांबला होता. त्याला थांबायची सवय असावी.

"आम्ही इमिग्रेशनचे," उंच म्हणाला.

"ते तुमच्या जाकिटावर लिहिलंय. एवढ्या मोठ्या अक्षरांत तर आमच्या विद्यापीठाचंही नाव नाही."

नियमताई विज्ञान शाखेच्या कार्यालयाच्या अधीक्षक. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. इमिग्रेशनची माणसं आली तर काय करायचं, याचं प्रशिक्षण सगळ्या कर्मचाऱ्यांना त्यांनीच दिलं होतं. तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी विभागप्रमुख सरांचा डोळा लागला होता. घाबरायचं नाही, भांडायचं नाही, हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. कागद मागायचा.

आज कोणीतरी येणार, असं त्यांना सकाळपासून वाटत होतं. चारदा खिडकीशी जाऊन त्यांनी फाटकाकडे पाहिलं होतं. नियमताईंचा अंदाज सहसा चुकत नसे.

"आम्हाला तुमचा एक संशोधक हवाय," उंच म्हणाला आणि त्यानं नाव सांगितलं.

त्या नावाला कार्यालयातल्या कोणी ओळख दिली नाही. ते नीट उच्चारताही कोणाला येत नव्हतं. परदेशातून आलेल्या त्या पोराला सगळे 'पाहुणा' म्हणत. पाहुण्याच्या मुक्कामाची मुदत संपली होती आणि ती वाढवून मागणारा अर्ज कुठल्याशा टेबलावर झोपला होता. पोरगा सापडला तर त्याला सरळ विमानात बसवणार आणि त्याचं तीन वर्षांचं संशोधन इथल्या फ्रीजमध्ये पडून राहणार. या क्षणी तो दोन भिंतींपलीकडे, प्रयोगशाळेत, दिवा मालवून स्टुलावर बसला होता.

"कागद?" नियमताईंनी हात पुढे केला.

कागद वाचताना त्यांच्या कपाळावरची शीर ताडताड उडू लागली.

"हे काय आणलंत?"

"आदेश आहे."

"सही कोणाची?"

"आमच्या साहेबांची."

"मग साहेबांच्या सहीनं तुमच्या कँटीनमध्ये जा. या दारातून आत जायला न्यायाधीशाची सही लागते. हे मी शिकवायचं तुम्हाला?"

"बाई, पाच मिनिटांचं काम आहे. त्याला जरा बाहेर बोलवा."

"तो इथे आहे, असं मी म्हटलं?"

"नाही."

"नाही, असं म्हटलं?"

उंचानं विचार केला. "तसंही नाही म्हणालात."

"मग झालं तर."

चष्मेवाल्याला हसू आलं. उंचानं वळून पाहिल्यावर त्यानं ते खोकल्यात बसवलं.

नियमताईंना मात्र खरोखर संताप आला होता. अर्धवट कामाची त्यांना लहानपणापासून चीड. सरकारी खातं, गाडी, गणवेश, कंबरेला एवढा मोठा पट्टा, आणि एक सही धड आणता येऊ नये?

"न्यायाधीशाची सही घेऊन या," त्या म्हणाल्या. "मी स्वतः दार उघडून देईन."

मागच्या टेबलांवर कोणीतरी फिसकन हसलं. दोघे अधिकारी कागद घडी करून जिना उतरले. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली, तशा कार्यालयात टाळ्या वाजल्या. एका कारकुनानं शिट्टीही मारली आणि लगेच फाइलमध्ये तोंड घातलं.

सर आपल्या खोलीतून बाहेर आले.

"ताई, मी येणारच होतो."

"माहितीये सर. बूट सापडत नसतील."

"थट्टा करा. पण कमाल केलीत हं." सरांनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? पाहुण्याच्या जागेसाठी निवड झाली तेव्हा तुमचा भाचा दुसरा आला होता. याच्यामुळेच त्याची जागा हुकली. तरी तुम्ही याच्यासाठी अशा उभ्या राहिलात. दुसरं कोणी असतं ना..."

"नियम माणूस बघून बदलतो का, सर?"

सरांना भरून आलं. ते पुन्हा खोलीत गेले.

पाहुणा दाराशी येऊन उभा राहिला. हातमोजे काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. भाषा शिकताना त्यानं जी नाती आधी उचलली, त्यातलं एक नियमताईंच्या वाट्याला आलं होतं.

"मावशी, ते परत येतील?"

"येतील. पण या कागदावर नाही येता यायचं."

"मी काही दिवस मित्राकडे राहू? तो दुसऱ्या गावात असतो. कोणाला कळणार नाही."

"अजिबात नको!" नियमताई इतक्या जोरात म्हणाल्या, की तो दचकला. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वेडा आहेस का? तिथे तुझ्यासाठी दारात कोण उभं राहणार? रोज वेळेवर इथे यायचं, आपलं काम करायचं. कुठेही जायचं नाही. कळलं?"

"कळलं, मावशी." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि तो दिवा लाव. अंधारात डोळे बिघडतील."

चहा घेऊन येते, असं सांगून त्या बाहेर पडल्या. कँटीन मागे टाकून वाहनतळाच्या पलीकडच्या भिंतीशी गेल्या. तिथे कोणी नाही, याची खात्री करून त्यांनी फोन लावला.

"हो, परवा बोलले होते तीच. नाव विचारू नका... अहो, मजला सांगितला, खोली सांगितली, आणखी काय करायचं माणसानं? नाही, तो कुठे जात नाही, आत्ताच बजावून आलेय त्याला. पण तुमच्या माणसांना म्हणावं, न्यायाधीशाची सही आणा. नाहीतर मला पुन्हा अडवावं लागेल."