अंगणातली जागा

इराणमधल्या शिराझच्या रेडिओवर सकाळीच सांगितलं, माहरुखच्या पक्षावर बंदी आली. दुपारपर्यंत गल्लीत झडत्या सुरू झाल्या. माहरुखने पत्रकांचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि कुदळ घेऊन अंगणातलं नारिंगाचं झाड गाठलं.

"आमच्या सात पिढ्यांत कुणी पक्षाच्या वाटेला गेलं नाही, आणि ही निघाली क्रांती करायला!" बाबा सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. कुदळ उचललेली दिसताच ते धावले. "तिथे नको!"

"का?"

"शहा गादीवर होता तेव्हाचं, त्याच्या पक्षाचं माझं सगळं तिथेच पुरलंय. नोकरी टिकवायला सभासद झालो होतो गं."

ती डाळिंबाकडे वळली, तर ओसरीवरून आजोबा खाकरले. "तिथेही नको, बाळ. तिथे माझा पक्ष आहे. शहाने बंदी घातलेला. तुझा बाप तेव्हा शाळेत होता."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. आता उरलं एकच झाड, अंजिराचं. माहरुख तिकडे पळाली.



स्वयंपाकघराच्या खिडकीत भाजी निवडत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "जपून खण गं. तिथला पक्ष माझा आहे, आणि तो अजून जिवंत आहे."