बिघडवलेली गाडी

खांबेटे सकाळपासून कार्बोरेटर उघडून बसले होते. वर्षानुवर्षं दर रविवारी ते तो दुरुस्त करत, आणि दर सोमवारी शेजाऱ्यांकडून गाडी ढकलून घेत. आजचा बेत मात्र उलटा होता. त्यांची लाडकी जुनी गाडी बघायला गिऱ्हाईक यायचं होतं, आणि त्याआधी ती पुरती बिघडवून ठेवायची होती.

त्यांनी पेट्रोल-हवेचा स्क्रू डोळे मिटून वाटेल तसा पिळला, आतला फ्लोट थोडा वाकवला, सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं आणि समाधानाने हात पुसले.

गिऱ्हाइकाने चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही. पोट भरलेल्या मांजरीसारखी गुरगुरत राहिली.

"वा! काय सुरेख ठेवलीय हो! आजच नेतो."

खांबेट्यांचा चेहरा उतरला. मन लावून केलेली एकही दुरुस्ती आजवर लागू पडली नव्हती, आणि घातपात तेवढा नेमका दुरुस्ती ठरला होता.

गाडी काढून टाकायचा हट्ट त्यांच्या पत्नीचा, विमलताईंचा. आवाज ऐकून त्या खाली आल्या आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चालत नव्हती म्हणून विकायला काढली होती," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "आता चालतेय, तर विकू कशाला? तुम्ही चहा घेऊन जा."

मग नवऱ्याकडे चक्क कौतुकाने बघत त्यांनी विचारलं, "अहो, असं केलंत तरी काय?"

"अनुभव लागतो," खांबेटे गंभीरपणे म्हणाले. आणि पुन्हा जन्मात बॉनेट उघडायचं नाही, अशी त्यांनी मनातल्या मनात शपथ घेतली.