तीन दिवसांची टोपली

टोपलीवालीला नोकरी लागली नाही आणि तिचा मुलगा बायकोसकट वीटभट्टीच्या ट्रकमधून गेला. हे झालं. आता ते झालंच नाही असं धरून चालू. रोजगार केंद्राच्या अहवालातही तसंच धरलंय.

तर दुपारचे तीन वाजलेत. रोजगार केंद्राच्या पत्र्याच्या खोलीत एकवीस बायका भिंतीला टेकून बसल्यात. दारावर फलक आहे : 'आदिवासींना गावातच काम, स्थलांतराला पूर्णविराम'. फलकासमोर ट्रक उभा आहे. वस्तीतल्या अर्ध्या घरांची भांडीकुंडी त्यात चढलीत.

केंद्राचा नियम सोपा. तीन दिवस टोपल्या विणायचं प्रशिक्षण. पास होईल तिला केंद्रात कायमचं काम, आणि तिच्या घरातल्या एकाला बांबू तोडायचं. म्हणजे आई पास झाली की मुलगा राहिला. म्हणून टोपलीवालीच्या मुलानं आपलं गाठोडं अजून ट्रकमध्ये टाकलं नव्हतं. ते काखेत धरून तो दारात उभा होता. बायको मात्र वर जागा धरून बसली होती. तिचा सरकारवर विश्वास बेताचाच.

प्रशिक्षणाच्या मास्तरांनी पास झालेल्यांची यादी वाचली. वीस नावं झाली आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

"माझं राहिलं का हो, मास्तर?" टोपलीवालीनं विचारलं.

"राहिलं नाही, मावशी. बसत नाही. तुमची हजेरी अर्ध्या दिवसाची आहे."

"अर्ध्या दिवसात टोपली झाली की माझी."

"तीच तर अडचण आहे."

मास्तरांनी पुस्तक उघडून दाखवलं. पहिला दिवस तळ, दुसरा दिवस बाजू, तिसरा दिवस काठ. मध्ये चहाच्या सुट्ट्याही छापल्या होत्या.

"अहो, कामट्या ओल्या असतात," ती म्हणाली. "तळ धरला की काठ बांधेपर्यंत उठायचं नाही. रात्रभर ठेवलं तर वाळतात, मग वाकवल्या की कडकन मोडतात. आमच्यात अर्धी टोपली टाकून उठणारीला हसतात."

"इथं तिला पास करतात," मुलगा दारातून म्हणाला.

पास झालेल्या विसांपैकी कुणी वर बघितलं नाही. एक पुटपुटली, "आम्हालाही कळत होतं गं मावशी. पण पाच वाजले की मास्तर कुलूप लावायचे."

टेबलावर टोपल्या मांडल्या होत्या. एकीच्या काठाला चिकटपट्टी होती, एकीच्या बुडातून टेबल दिसत होतं. धड अशी एकच होती. तिच्यात मास्तरांनी पास झालेल्यांची प्रमाणपत्रं ठेवली होती, कारण बाकीच्यांतून ती गळली असती.

"मग उरलेले अडीच दिवस होतात कुठं तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"रानात. केंद्र सुरू झालं की बांबू लागणार ना? मागं एवढा ढीग पडलाय, तो कुणी आणला?"

"तो तुमचा होय? मी तो 'नैसर्गिक साधनसंपत्ती' म्हणून लिहिला."

मास्तर तसे वाईट नव्हते. वयानं तिच्या मुलाएवढेच, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर आलेले. त्यांनी घाम पुसला. "वर यादी जाते, मावशी. यादीत हजेरी असते, टोपली नसते."

टोपलीवाली उठली. आपल्या टोपलीतली प्रमाणपत्रं काढून तिनं पास झालेल्यांच्या पुढ्यात ठेवली आणि काठ सोडवायला बसली.

"काय करताय?"

"उसवते. पुन्हा विणते. सावकाश विणते, तुम्ही म्हणाल तर मध्ये डुलक्या काढते."

"पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे."

तिची बोटं थांबली. काठ अर्धा सुटला होता.

बाहेर हॉर्न वाजला. वरून सून ओरडली, "अहो, येताय की मी एकटीच जाऊ?"

मुलानं गाठोडं काखेतून खांद्यावर घेतलं. "आई, तू जरा आळशी असतीस ना, तर मी राहिलो असतो बघ."

एरवी असल्या बोलण्यावर तिनं त्याला टपली मारली असती.

"पाणी भरून ठेवलंय," तो म्हणाला. "दोन दिवस पुरेल." आणि तो वळला.

"अर्ज करा!" मास्तर एकदम म्हणाले. त्यांना काहीतरी सुचल्याचा फार आनंद झाला होता. "अर्जाची सोय आहे! मी लिहितो, तुम्ही सांगा."

"लिहा, त्याला जाऊ देऊ नका."

"असं नाही लिहिता येत. आधी कारण, मग मागणी."

"निकाल कधी लागतो अर्जाचा?"

"नव्वद दिवसांत."

दारातून तिला ट्रक दिसत होता. सुनेनं खाली हात दिला, मुलगा चाकावर पाय ठेवून वर चढला. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

"मग तोवर थांबायला सांगा," ती म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली नाही. पत्रे थरथरायला लागले तसा त्यांनी डाव्या हातानं कागद घट्ट धरला आणि वळणदार अक्षरात लिहिलं :

'तरी सदर अर्जावर निर्णय होईपर्यंत केंद्रासमोरील ट्रक, आतील माणसांसह, इंजिन बंद करून आहे त्या जागी उभा ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.'