एका बाजूचा उजेड

सुनंदाबाईंनी फोटो काचेच्या टेबलावर आपटला, तसा रुपचंदचा चष्मा नाकावर घसरला.

“हा तुम्हीच काढलाय ना, रुपचंदभाऊ?”

धुळ्याच्या त्या जुन्या स्टुडिओत आता पासपोर्टच्या फोटोपलीकडे फारसं कुणी येत नसे. पण सोयरीक जमवायची म्हटली की पारोळ्यापासून चोपड्यापर्यंतचे लोक अजूनही रुपचंदचाच जिना चढत. बाकीचे फोटोवाले चेहऱ्यावर चारी बाजूंनी उजेड ओतत. रुपचंद एकच दिवा लावी. अर्धा चेहरा उजळे, अर्धा सावलीत बुडे, आणि साधं माणूसही चित्रातल्यासारखं दिसे.

“मीच काढला. पारोळ्याची मेघा ही,” तो म्हणाला. “बसा अक्का, पाणी घ्या.”

“पाणी नको मला. पिंप्राळ्याहून जाब विचारायला आलेय. तिचा डावा गाल अंधारात का?”

“ती कला असते.”

“कला? काल शेजारणीबरोबर मेघाच्या हळदीला गेले होते मी. भर उन्हात पाहिलं तिला. कानापासून हनुवटीपर्यंत कोड आहे त्या गालावर.”

रुपचंदनं फोटो उचलून सरळ ठेवला. आता तोही तापला.

“आहे. मग? चार ठिकाणांहून नकार आले होते पोरीला. तिचा बाप या स्टुलावर बसून रडला. मी खोटं काही काढलं नाही, फक्त एक दिवा विझवला. बाजारात वांगी उलटीपालटी करून बघावीत तशा मुली बघता तुम्ही मुलाकडचे, आणि जाब मला विचारता?”

“हाई बठ्ठं तुम्हनंच करेल शे.” रागाच्या भरात सुनंदाबाईंच्या तोंडून गावाकडची बोली निघाली.

“सगळं मीच केलं म्हणा अक्का, पण हळद लागलीये पोरीला. लग्न मोडू नका. हात जोडतो.”

“मी कशाला मोडू? माझ्या घरी नाही येत ती. चोपड्याच्या बिजवराला दिलीये. दोन पोरांचा बाप आहे, वयानं तिच्या काकासारखा. आज संध्याकाळी अक्षता पडतील.” त्यांनी मेघाच्या फोटोवर बोट ठेवलं. “माझ्या भूपेंद्रसाठी हाच फोटो आला होता, गेल्या वर्षी. आम्ही नकार कळवला.”

“तेच म्हणतोय मी,” रुपचंद कडवट हसला. “कुठून तरी कानावर आलं असेल. डाग म्हटला की संपलं.”

“कुठला डाग? डाग दिसला असता तर दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं पारोळ्याला गेले असते मी, साखरेचा पुडा घेऊन.”

“मग अडलं कुठे?” रुपचंदनं विचारलं.

“इतकी नितळ मुलगी आमच्या पोराला कशाला हो म्हणेल, असं वाटलं आम्हाला. तोंडावर नकार ऐकण्यापेक्षा आपणच नाही म्हणावं. तिकडूनही नकारच आला होता. त्याचा हा फोटो बघून.”

त्यांनी पिशवीतून भूपेंद्रचा फोटो काढला आणि मेघाच्या फोटोशेजारी ठेवला. कोटातला तरुण. डावा गाल सोन्यासारखा उजळलेला, उजवा काळोखात; आणि खाली कोपऱ्यात रुपचंदचीच सही.