शेवटच्या धारा

दूध-संकलन केंद्रावर मावशींची किटली दिसली की रांगेतलं कुणीतरी हमखास म्हणायचं, “आल्या पातळ मावशी! अहो, पाणी म्हशीला पाजता की दुधाला?”

दूध तपासणाऱ्या ताईंचा लॅक्टोमीटर मात्र दरवेळी सांगायचा, की यात पाण्याचा थेंब नाही. तरीही फॅट कमीच भरायचं. न राहवून एकदा ताईंनी विचारलंही होतं, “मावशी, घरी साय काढून घेता का हो?” मावशी नुसत्या हसल्या होत्या.

आज फॅटची नळी यंत्रातून फिरून बाहेर आली, तशी ताईंनी ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “आज सगळ्यांत दाट दूध आपल्या मावशींचं! आता बोला की!”

ताईंना कोण आनंद झाला. “केलंत तरी काय, मावशी? पेंड बदललीत?”

रिकामी किटली पोटाशी धरून मावशी हळूच म्हणाल्या,


“शेवटच्या धारा सगळ्यांत दाट असतात ना ताई, त्या मी रोज म्हशीच्या पारडासाठी आचळात राखायचे. काल ते दगावलं.”